शेतातला काळोख



गुन्ह्याची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शहर उभं राहतं. अरुंद बोळ, पावसानं ओला झालेला रस्ता, खांबावरचा मिणमिणता दिवा आणि कोटाची कॉलर वर करून भिंतीच्या कडेनं जाणारा एखादा माणूस. आज मी आपल्याला ज्या चित्रपटाविषयी सांगणार आहे, त्यातला सर्वांत भयंकर गुन्हा शहरात घडत नाही. तो नांगरलेल्या शेतात, रात्रीच्या वेळी घडतो, आणि त्यातलं हत्यार म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडलेला तव्यांचा कुळव. ज्या अवजारांना आपण दसऱ्याला गंधफूल वाहतो, त्यांतलंच एक.

या चित्रपटाचं नाव 'बॉर्डर इन्सिडंट', म्हणजे 'सरहद्दीवरची घटना'. अमेरिकेत १९४९ साली तो निघाला. लांबी सुमारे दीड तास, रंग काळा आणि पांढरा. जगातल्या थोर चित्रपटांच्या याद्या आपण चाळल्यात तर त्यांत याचं नाव सहसा सापडणार नाही. तरीही शेतीवर जगणाऱ्या माणसांनी आणि मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो एकदा पाहावा असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते क्रमाक्रमानं सांगतो.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. अशा चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा सरळ अर्थ 'काळा चित्रपट'. गंमत अशी की हे चित्रपट काढले अमेरिकेनं आणि बारसं केलं फ्रान्सनं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, आणि १९४६ साली नीनो फ्रांक या समीक्षकाच्या ध्यानात आलं की या गुन्हेकथांची जात निराळी आहे. त्यांत गुन्हेगार कोण, या कोड्यापेक्षा माणूस गुन्ह्यापाशी पोचतो कसा, याला महत्त्व होतं. नायक धुतल्या तांदळासारखा नव्हता, आणि शेवटी न्याय झाला तरी मनातली रुखरुख जात नव्हती.

या चित्रपटांतला काळोखही हेतुपूर्वक आणलेला होता. हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून हॉलीवूडला आलेले फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक यांच्यासारखे दिग्दर्शक प्रकाश आणि सावली यांच्याशी बोलण्याची एक रीत आपल्याबरोबर घेऊन आले होते. तिचे पडसाद पुढं मुंबईतही उमटले. गुरुदत्त यांचा १९५१ सालचा 'बाजी' किंवा राज खोसला यांचा १९५६ सालचा 'सी. आय. डी.' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही सावल्यांची भाषा अगदीच अनोळखी वाटणार नाही.

आता 'बॉर्डर इन्सिडंट' जिथं घडतो त्या मुलखात जाऊ. अमेरिकेच्या पश्चिमेला कॅलिफोर्निया हे राज्य. त्याच्या अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून इंपीरियल व्हॅली नावाचं खोरं आहे. मूळचं हे वाळवंट. पाऊस नावापुरता. पण कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणलं, आणि वाळवंटात भाजीपाल्याचे मळे उभे राहिले. १९४० च्या सुमारास 'ऑल-अमेरिकन' नावाचा मोठा कालवा सुरू झाला. तो सरहद्दीच्या अगदी कडेनं, पण संपूर्ण अमेरिकेच्या हद्दीतून जातो, म्हणून त्याचं हे नाव. हा चित्रपट सुरू होतो तो याच कालव्याच्या विमानातून घेतलेल्या दृश्यानं.

पाणी आलं की पीक येतं. पण पिकाला हात लागतात. पालेभाजी उद्यापर्यंत थांबत नाही. खुडायची त्या दिवशी खुडली नाही, तर ती मातीमोल होते, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातच महायुद्ध सुरू झालं, माणसं सैन्यात आणि कारखान्यांत गेली, आणि शेतांवर माणसं मिळेनाशी झाली. तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको या दोन सरकारांत एक करार झाला. मेक्सिकोतल्या मजुरांनी ठराविक मुदतीसाठी अमेरिकेच्या शेतांवर यावं, काम करावं आणि परत जावं, असा तो करार. या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. स्पॅनिश भाषेत 'ब्रासो' म्हणजे दंड, बाहू. ब्रासेरो म्हणजे बाहुबळानं कमावणारा. नावात माणसाचा हात आला आणि माणूस बाहेर राहिला, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चुकीचं होणार नाही.

कागदावर करार बरा होता. जाण्या-येण्याचा खर्च, राहायला जागा, मुदतीतल्या निदान पाऊण दिवसांच्या कामाची हमी, आणि तासाला किमान ३० सेंट मजुरी. मजुरीतला दहावा हिस्सा कापून बचत म्हणून ठेवायचा आणि घरी परतल्यावर द्यायचा, असंही ठरलं होतं. ती बचत पुष्कळांच्या हाती कधीच पडली नाही, आणि त्याविषयीचे दावे साठ वर्षांनंतरही चालू होते. युद्ध संपलं तरी ही पद्धत मात्र चालूच राहिली. ती थेट १९६४ च्या अखेरीस बंद झाली. तोवर एकूण सुमारे ४६ लाख करारनामे झाले होते. एकच माणूस पुन्हा पुन्हा जाई, त्यामुळे माणसांचा आकडा याहून कमी; तरी तो लहान नव्हता.

आता अडचण कुठं आली, ती पाहा. करारानं मजूर आणायचा म्हणजे मळेवाल्याला सरकारी अटी पाळाव्या लागत, ठरलेली मजुरी द्यावी लागे. कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडून आलेला मजूर याहून स्वस्त पडे, आणि तो तक्रार तरी कुणाकडे करणार? उलट मजुराच्या बाजूनं पाहिलं तर भरती केंद्रापुढं हजारोंची रांग, आणि आपलं नाव कधी पुकारलं जाईल याची खात्री नाही. घरी तर खाणारी तोंडं वाट पाहताहेत. या दोन गरजांच्या मधोमध जो माणूस उभा राहतो तो दलाल. मजुराकडूनही पैसे घ्यायचे आणि मळेवाल्याकडूनही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते, आणि मग हंगामभर त्या उचलीचा हिशेब तिच्या मानेवर असतो. प्रकार निराळा, देश निराळा. पण गरजू माणूस आणि काम यांच्यामध्ये तिसरा हात आला म्हणजे काय होतं, हे ओळखायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

चित्रपटाची गोष्ट इथंच सुरू होते. मळ्यावर राबून, मजुरी गाठीला बांधून काही मजूर चोरवाटेनं मेक्सिकोला परत निघाले आहेत. सरहद्दीजवळच्या एका खिंडीत लुटारू त्यांना गाठतात, पैसे काढून घेतात, भोसकतात आणि देह दलदलीत लोटून देतात. पाय टाकला की आत ओढणारी ती ओली वाळू. काही क्षणांत वर काहीच उरत नाही. ज्यांच्या येण्याची कुठं नोंद नाही, त्यांच्या मरण्याची नोंद कोण करणार? चित्रपटातली पहिली मिनिटं एवढी एकच गोष्ट सांगतात.

या टोळीचा माग काढण्यासाठी दोन्ही देश एकेक अधिकारी नेमतात. मेक्सिकोचा पाब्लो रॉड्रिगेझ आणि अमेरिकेचा जॅक बेअर्न्स. पाब्लो मजुराचा वेष घेतो आणि हुआन गार्सिया नावाच्या खऱ्याखुऱ्या मजुराशी ओळख करून घेतो. हुआन करारानं जाण्यासाठी ताटकळून थकलेला आहे. दोघं दलालामार्फत ट्रकमधून सरहद्द ओलांडतात. या प्रवासात पाब्लोवर संशय येतो तो कशामुळं? त्याच्या हातांमुळं. तळवे मऊ आहेत, घट्टे नाहीत. कपडे बदलता येतात, बोलणं बदलता येतं. राबलेला हात उसना आणता येत नाही. पटकथा लिहिणाऱ्या जॉन हिगिन्स यांनी ही गोष्ट नेमकी हेरली आहे.

इकडे जॅक हा चोरलेले परवाने विकणाऱ्या फरारी इसमाचं सोंग घेऊन टोळीत शिरतो. सूत्रं हलतात पार्क्सन नावाच्या बड्या मळेवाल्याच्या घरून. त्याचा ॲम्बॉय नावाचा एक थंड डोळ्यांचा मुकादम आहे. पुढं जॅकचं बिंग फुटतं, आणि मग ती शेतातली रात्र येते.

ते दृश्य मी जरा सावकाश सांगतो. दिग्दर्शक अँथनी मान आणि छायालेखक जॉन आल्टन यांनी ते कसं उभं केलं, हे कळलं तर चित्रपट कसा पाहावा याचाही एक धडा मिळेल.

जखमी जॅक नांगरलेल्या शेतात पडला आहे. कॅमेरा जमिनीच्या पातळीला, जवळजवळ मातीत टेकवल्यासारखा ठेवला आहे, त्यामुळे आपणही त्या माणसाबरोबर तासात आडवे झालेले असतो. आकाश काळंठिक्कर. शेताच्या सऱ्या सरळ रेषेत लांब जातात, आणि त्या रेषांच्या टोकाला दोन दिवे दिसतात, ट्रॅक्टरचे. दिवसा या रेषा किती शोभून दिसतात! चांगल्या नांगरटीची ती खूण. इथं मात्र त्याच रेषा दिव्यांना सरळ त्या माणसापर्यंत आणतात. तो सरपटायला बघतो, हात मातीत रुततात, यंत्राचा आवाज वाढत जातो, आणि मागचे तवे फिरत फिरत जवळ येतात. पाब्लो आणि हुआन हे सारं अंधारातून पाहत आहेत. ते जवळ आहेत, तरी त्याला वाचवू शकत नाहीत.

मान, आल्टन आणि हिगिन्स या तिघांनी १९४७ साली 'टी-मेन' नावाचा एक चित्रपट केला होता. त्यातही वेषांतर केलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाला दुसऱ्याचा मृत्यू तोंडातून शब्द न काढता पाहावा लागतो. तिथं ते शहरी टोळीच्या गोष्टीत घडलं. इथं शेतात घडताना त्याचा अर्थ वाढतो, कारण पाहणाऱ्यांत आता हुआनही आहे. दिसतं आहे, कळतं आहे, पण हूं म्हणून बोलता येत नाही, ही पाब्लोची एका रात्रीची अवस्था आहे. हुआनसारख्या मजुरांची ती रोजची अवस्था आहे.

आल्टन हे मूळचे हंगेरीतले. १९०१ साली शोप्रॉन या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या काळी चित्रपटगृहात बारीकसारीक सारं दिसावं म्हणून दृश्यात सगळीकडून भरपूर दिवे लावण्याची चाल होती. आल्टन थोडेच दिवे लावत, कधी कधी तर जमिनीलगत एखादाच, आणि बाकीचं अंधारावर सोडून देत. १९४९ सालीच त्यांनी छायालेखनावर 'पेंटिंग विथ लाइट' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. दिवा कुठं लावायचा याइतकाच तो कुठं लावायचा नाही याचाही विचार असतो, हे त्यांच्या कामावरून कळतं. मेट्रो-गोल्डविन-मेयर ही कंपनी गाणी-नाच आणि झगमगाट यांसाठी नावाजलेली. तिच्याच छत्राखाली आल्टन यांनी हा काळोखाचा चित्रपट टिपला, आणि दोन वर्षांनी तिच्याच 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' या रंगीत नृत्यपटातल्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. ज्याला उजेड कळतो त्यालाच अंधार वापरता येतो, असं म्हणायला हरकत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या चित्रपटात दोन सूत्रं आहेत. एक चित्राचं आणि एक आवाजाचं. आरंभी आणि शेवटी एक निवेदक बोलतो. आवाज भारदस्त, ठाम, सरकारी. आरंभी तो कालवा, मळे, खोऱ्याचं वैभव आणि ब्रासेरोंचं काम समजावून देतो. शेवटी खिंडीत चकमक होते, टोळीतले लोक एकमेकांवरच उलटतात, मजूर स्वतः झुंजतात, टोळी मोडते आणि पाब्लोचा सन्मान होतो. तेव्हा हाच आवाज आपल्याला सांगतो की आता दोन्ही देशांच्या छत्राखाली ब्रासेरो सुखरूप आहेत.

आवाज असं सांगतो खरा, पण आपण नुकतंच जे पाहिलं ते काही डोळ्यांपुढून हलत नाही. दीड तास आपण ट्रकमध्ये कोंबलेली माणसं पाहिली, पैशाच्या हिशेबात त्यांचा जीव कसा मोजला जातो ते पाहिलं, तो तव्यांचा कुळव पाहिला. चित्र म्हणतं की दोष व्यवहारातच आहे. स्वस्त हात हवेत, आणि ते जितके असहाय तितके स्वस्त. आवाज म्हणतो की दोष काही दुष्ट माणसांचा होता, आणि ती आता पकडली गेली. मला विचाराल तर या चित्रपटाचं मोल या विसंगतीत आहे. कंपनीला, सरकारला आणि काळाला रुचेल असं बोलणं निवेदकानं केलं, आणि सत्य छायालेखकाच्या वाट्याला आलं.

खरं काय होतं, हे इतिहासाला विचारू. चित्रपट निघाला त्याच्या आदल्या वर्षी, २८ जानेवारी १९४८ रोजी, कॅलिफोर्नियातच लॉस गॅटोस नावाच्या दरीत एक विमान कोसळलं. त्यात मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर होते. एकूण ३२ माणसं गेली. त्यांपैकी २८ मेक्सिकन. विमान चालवणाऱ्यांची आणि बरोबरच्या पहारेकऱ्याची नावं बातम्यांतून आली. मजुरांची आली नाहीत. त्यांना एकाच ठिकाणी पुरलं, आणि वर त्यांची नावं नव्हती. वुडी गथ्री या लोकगायकानं त्यावर गीत रचलं, ते जगभर गेलं; पण त्या २८ जणांची नावं कोरलेला दगड त्यांच्या थडग्यावर बसायला २०१३ साल उजाडावं लागलं. मधली पासष्ट वर्षं ते केवळ 'मजूर' राहिले. चित्रपटातली दलदल ही कल्पना होती. माणूस नावानिशी गडप होणं ही काही कल्पना नव्हती.

कायद्याचंही पाहा. चित्रपटात मळेवाला पार्क्सन गुन्हेगार ठरतो. पण १९५२ साली अमेरिकेनं जो कायदा केला त्यात परवान्याविना आलेल्या माणसाला आसरा देणं हा गुन्हा धरला, आणि त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे, असंही लिहून ठेवलं! म्हणजे येणारा अपराधी, आणि त्याच्या श्रमावर कमावणारा मोकळा. ही पळवाट १९८६ सालच्या कायद्यानं बंद केली. १९५४ साली तर मोठी मोहीम काढून लाखो मजुरांना सरहद्दीपार धाडण्यात आलं. करारानं आलेल्यांचे हालही संपले नव्हते. सप्टेंबर १९६३ मध्ये चुआलार या गावाजवळ ब्रासेरोंना नेणाऱ्या गाडीला आगगाडीनं धडक दिली. ती गाडी म्हणजे माल वाहण्याच्या ट्रकवर बाकडी बसवून केलेली बस होती. ३२ मजूर मेले. त्यानंतर सव्वा वर्षानं ही करार पद्धत बंद झाली.

या चित्रपटातल्या नटांची पुढली कहाणीही बोधप्रद आहे. जॅकची भूमिका करणारे जॉर्ज मर्फी १९६४ साली निवडणूक लढवून कॅलिफोर्नियाचे सेनेटर झाले. पडद्यावर ज्यांनी मजुरांसाठी शेतात मरण पत्करलं, त्यांनीच त्या निवडणुकीच्या काळात मेक्सिकन माणसं बुटकी असल्यामुळे वाकून करायच्या शेतकामाला योग्य असतात, अशा अर्थाचं विधान केलं. आता हे वाकणं म्हणजे काय ते ऐका. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरांच्या हाती जेमतेम फूट-दीड फूट दांड्याचं खोरं देत. दिवसभर कमरेत वाकून काम करावं लागे, आणि कोण उभा राहिला, म्हणजे कोण थांबला, हे मुकादमाला लांबूनही कळे. पाठीचे कणे जायबंदी होत. त्या आखूड खोऱ्यावर बंदी आली ती १९७५ साली. उंचीचा आणि त्या वाकण्याचा संबंध नव्हता, दांड्याचा होता.

मळेवाल्याचं काम करणारे हॉवर्ड डा सिल्व्हा हे मोठे गुणी नट. १९५१ साली राजकीय मतांविषयीच्या चौकशीत त्यांनी उत्तरं देण्याचं नाकारलं, आणि पुढं अनेक वर्षं त्यांना चित्रपटांत काम मिळालं नाही. पाब्लो झालेले रिकार्डो मोंतालबान स्वतः मेक्सिको शहरात जन्मलेले. त्यांनी १९७० साली 'नोसोत्रोस', म्हणजे 'आम्ही', या नावाची संस्था काढली. आपल्या लोकांना पडद्यावर लुटारू आणि आळशी म्हणून रंगवलं जाऊ नये, यासाठी ती झटत राहिली.

त्यावरून या चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत; शिक्षकानं नुसतं कौतुक करून कसं चालेल? यातले मेक्सिकन लुटारू ठोकळेबाज आहेत. मजूर बहुधा घोळक्यानं दिसतात आणि कमी बोलतात. त्यांच्यातर्फे बोलतो तो वेषांतर केलेला अधिकारी. खरा मजूर हुआन हा त्याचा सोबती. जेम्स मिचेल यांनी तो फार समजून केला आहे, पण गोष्ट त्याची होत नाही. त्याची बायको, त्याचं गाव, त्याला न मिळालेलं काम, यांवर एक निराळा चित्रपट झाला असता. तेवढं धाडस १९४९ साली त्या कंपनीनं केलं नाही. तरीही एका बड्या कंपनीनं गुन्ह्याची गोष्ट सांगताना कॅमेरा शेतात नेला आणि मजुराच्या उंचीवर, जमिनीलगत ठेवला, हे थोडं नव्हे.

हा चित्रपट मी एकदा महाविद्यालयातल्या मुलांना दाखवला. त्यांत शेतकऱ्यांची मुलं बरीच होती. पिस्तुलं झाडली गेली तेव्हा कुणी हललं नाही. असली दृश्यं त्यांनी शेकड्यांनी पाहिली आहेत. ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. नंतर एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडं रात्रीची नांगरट चालते तेव्हा हाच आवाज ऐकत मी झोपतो." एवढंच बोलून तो खाली बसला. त्या चित्रपटाविषयी मी पुढं जे तासभर बोललो, त्यापेक्षा त्याचं ते एक वाक्य मला जास्त वजनाचं वाटलं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपण हा चित्रपट लहान मुलांना दाखवू नये. तो त्यांच्यासाठी नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवलात तर आधी नकाशा काढा. नदी, कालवा, सरहद्द आणि मळे दाखवा. नंतर तीन प्रश्न विचारा. उजेड कुणाच्या तोंडावर आहे आणि अंधारात कोण आहे? कुणाला नाव आहे आणि कोण नुसता घोळक्यात आहे? आणि निवेदक शेवटी जे सांगतो ते आपण पाहिलेल्याशी जुळतं का? या तीन प्रश्नांना मुलांनी आपापली उत्तरं दिली, तर भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचे तीन तास एकदम झाले असं समजा.

रेडिओवरून बोलणाऱ्या माणसानं आवाजाविरुद्ध बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल. पण म्हणूनच मला हे सांगावंसं वाटलं. भारदस्त आवाजात कुणी सांगितलं की सारं ठीक आहे, तर त्याचं ऐकून घ्यावं, आणि मग उठून शेताकडे एक चक्कर टाकावी. तिथं कोण वाकलेलं आहे, त्याच्या हाती अवजार कसलं आहे, आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे का, हे पाहावं. पासष्ट वर्षांनी दगडावर नाव कोरण्यापेक्षा, माणूस समोर उभा असताना त्याला नावानं हाक मारणं कितीतरी सोपं आहे.